'धरणे' ह्या शब्दाचा धागा

इटालियन भाषेत 'धरणे' ह्या अर्थाचे क्रियापद 'तेनेरे' असे आहे. ते लॅटिनातून आले. पोर्तुगीजांचे 'तेर' हे त्याचेच झिजलेले रूप होय. त्याचे मूळ ताणण्याच्या अर्थाचे असून आपला संस्कृत 'तन्' धातु व 'तंतु' हे त्याचे सोयरे आहेत. अशी साम्ये फिलिप्पो सास्सेत्ती नामक फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने १५८५ च्या सुमारास हिंदुस्थानातच हेरली होती. 'देव' व 'दिओ', 'सर्प' व 'सेर्पे' ही त्यांतलीच. ताणणे व धरणे ह्यांचे नाते उत्तनच्या कोळ्यास सांगावे लागत नाही. दोर ताठ असेल तरच भरतीओहोटीत जाळे जागी राहते.

'तेनेरे'पासूनच 'सुस्तिनेरे', म्हणजे खालून धरणे, तग धरणे, हा शब्द झाला. मृतांसाठी म्हटल्या जाणाऱ्या 'दे प्रोफुंदिस' स्तोत्राच्या लॅटिन पाठात प्रभूची वाट पाहण्यास हाच शब्द योजिला आहे.

१७३७ साली साष्टीवरील पोर्तुगीज सत्ता गेली. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर (१९६२-६५) आमची मिस्साही मराठीत होऊ लागली. आमच्या वाडवडिलांस त्या शब्दाची व्युत्पत्ती ठाऊक नसेल. त्याचा अर्थ मात्र त्यांनी आचरून दाखविला. तो धागा सैल न होऊ देता मुलांच्या हाती देणे, हे ह्या महोत्सवी वर्षी आम्हांवरील ऋण आहे.