शस्त्रं, शांतता आणि फर्दापूरचं जंगल

युद्ध थांबलं की निसर्ग सुटला, असं आपण समजतो. फर्दापूरच्या परिसराचा इतिहास थोडं वेगळं सांगतो.

23 सप्टेंबर 1803 ला असईची लढाई झाली. जखमी इंग्रज सैनिकांना अजिंठ्याला ठेवलं होतं. 1818 मध्ये पेशवाई संपली, मोठ्या लढाया थांबल्या. लष्करी अधिकाऱ्यांच्या बंदुका मात्र हातातच राहिल्या आणि वाघांकडे वळल्या. 1819 मध्ये वाघाच्या शिकारीला आलेल्या, मद्रास फौजेतल्या जॉन स्मिथनं अजिंठ्याची लेणी पाहिली. दहाव्या लेण्यात त्यानं कोरलेलं नाव आजही दिसतं.

1825 पासून शेजारच्या खानदेशात वेगळा प्रयोग झाला. काही भिल्लांना जेम्स औट्रमच्या पलटणीत भरती केलं. इतरांनी शस्त्रं सोडून शेती करावी म्हणून जमीन आणि तगाई दिली. शांतता आली, पण नांगराखाली जंगलही आलं.

पुढे 1878 च्या शस्त्र कायद्यानं भारतीयांना परवाना सक्तीचा केला. युरोपियनांना सूट होती. निःशस्त्रीकरण झालं ते एकाच बाजूचं. शिकार चालू राहिली.

वाघाला कायद्याचं भक्कम संरक्षण मिळालं ते 1972 च्या वन्यजीव कायद्यानं. 2021 मध्ये टिपेश्वरहून एक वाघ चालत अजिंठा डोंगररांगेतल्या गौताळा अभयारण्यात पोचला. या अभयारण्याच्या नावात औट्रमघाटही आहे!

तेव्हा कोणताही तह शिकवताना आपण दोन प्रश्न जरूर विचारू या: बंदुका कोणाकडे उरल्या? आणि जमिनीचं पुढे काय झालं?