सांगा, तेव्हा काय केले? : वर्तनप्रश्नाची कुळकथा

उमेदवाराचे ज्ञान किंवा मते न विचारता, पूर्वी एखाद्या अडचणीच्या प्रसंगी त्याने प्रत्यक्षात काय केले हे त्याच्याकडूनच काढून घेणाऱ्या प्रश्नाला निवडशास्त्रात वर्तनप्रश्न म्हणतात. दोन गटांत तेढ निर्माण झाली असताना केलेल्या मध्यस्थीचा एक प्रसंग लिहा, किंवा आपल्यापेक्षा वेगळ्या रीतीभातीच्या माणसाचा गैरसमज कसा दूर केला ते सांगा, अशा धर्तीचे हे प्रश्न असतात. वस्तीतल्या लोकांना बरोबर घेऊन, त्यांच्या तक्रारींचे मूळ शोधत केलेल्या बंदोबस्ताला लोकसहभागी पोलिसिंग म्हणतात, आणि अशा कामाच्या अर्जांत हे प्रश्न हमखास येतात. त्यांची उत्तरे कशी द्यावीत यावर मार्गदर्शन पुष्कळ मिळते. प्रश्न मुळात कोठून आला आणि त्याच्या येण्याने काय बदलले, याचा विचार मात्र क्वचितच होतो. गावाची राखण करणाऱ्या माणसाच्या वर्तनाची साक्ष पूर्वी गाव देत असे. वर्तनप्रश्नाने उमेदवारालाच स्वतःचा साक्षीदार केले, आणि हा बदल पांढुर्णा-सौंसरच्या सीमाभागात जितका स्पष्ट दिसतो तितका एखाद्या महानगरात दिसणार नाही.

सौंसर आणि पांढुर्णा हा सिल्लेवानी घाटाखालचा, संत्र्याच्या बागांचा आणि मराठी बोलीचा मुलूख. नागपूरकर भोसल्यांचे राज्य 1853 मध्ये खालसा झाल्यावर तो इंग्रजी अमलाखाली आला, 1861 मध्ये बनलेल्या मध्य प्रांताचा भाग झाला, आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले तेव्हा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिला. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. राज्ये आणि जिल्हे बदलत गेले, तरी गावपातळीवरची दोन पदे टिकून राहिली. एक गावप्रमुखाचे, ज्याला मध्य प्रांतात मुकादम आणि पुढे पटेल म्हटले गेले. दुसरे कोटवाराचे, ज्याला सीमेपलीकडच्या विदर्भात कोतवाल म्हणतात. रात्रीची गस्त, परक्या माणसाची खबर, जन्ममृत्यूची वर्दी, दवंडी आणि ठाण्यापर्यंतचा निरोप ही कामे कोटवाराची. या मराठी पट्ट्यात ती बहुतांशी महार समाजाकडे पिढीजात असत आणि त्यांचा मोबदला कामाच्या मानाने नेहमीच तुटपुंजा राहिला. याच समाजातल्या जाणत्यांचा शब्द शिवेच्या तंट्यात प्रमाण मानला जाई, आणि त्याच समाजाला गावकुसाबाहेर ठेवले जाई; गावाच्या साक्षव्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनी ही विसंगती नजरेआड करू नये.

अशा व्यवस्थेत नेमणुकीपूर्वी प्रश्न विचारण्याची गरजच नव्हती. कोटवाराचा मुलगा लहानपणापासून बापाबरोबर गस्तीला गेलेला असे, आणि तो भित्रा की धीट, पिणारा की शुद्धीत राहणारा, हे सगळ्यांना ठाऊक असे. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता 1959 मध्ये लागू झाली आणि तिच्या कलम 230 ने कोटवाराचे पद कायद्यात कायम केले. त्याखालच्या नियमांत चांगल्या चारित्र्याची अट आहे आणि इतर बाबी समान असतील तर आधीच्या कोटवाराच्या जवळच्या नातेवाइकाला प्राधान्य देण्याची मुभाही आहे. या मुभेकडे केवळ वशिल्याची पळवाट म्हणून पाहणे अपुरे ठरेल. ज्या काळात वर्तनाचा पुरावा शेजारपाजारच्यांच्या नजरेत साठलेला असे, त्या काळाचा तो अवशेष आहे.

इंग्रजी कारभाराने या नजरेची जागा कागदाला दिली. गावाला जे शंभर प्रसंगांतून माहीत होते, ते चारित्र्याच्या दाखल्यात एका विशेषणापुरते उरले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो आणि त्यात ‘चांगली’ हा शब्द इतक्या निर्विकारपणे लिहिला जातो की तो वाचून कोणाविषयी काहीच कळत नाही. मध्य प्रदेशातल्या हिंदी कागदांत त्याच जागी ‘चाल-चलन’ येते आणि उत्तर तितकेच ठराविक असते. वर्तनप्रश्नाचा जन्म अशाच पोकळ विशेषणांना कंटाळून झाला, फक्त तो येथे झाला नाही.

1941 साली अमेरिकी लष्कराच्या हवाई दलात मानसशास्त्रज्ञांचा एक विभाग सुरू झाला आणि त्याचे नेतृत्व जॉन फ्लॅनगन यांच्याकडे होते. वैमानिकीच्या शिक्षणातून काढून टाकलेल्या 1,000 उमेदवारांच्या नोंदी या विभागाने तपासल्या, तेव्हा प्रशिक्षकांनी दिलेली कारणे उपजत क्षमतेचा अभाव, प्रतिकूल स्वभाव, कमकुवत निर्णयशक्ती अशी निघाली. त्यांतून पुढच्या तुकडीच्या निवडीसाठी काहीच हाती लागेना, कारण या प्रत्येक शब्दामागे नेमके काय घडले होते हे कोणी नोंदवलेलेच नव्हते. फ्लॅनगन यांनी मग उलट वाट धरली. लढाईवरून आलेल्या लोकांना त्यांनी शेरा न विचारता प्रसंग विचारले: एखाद्या अधिकाऱ्याने विशेष परिणामकारक किंवा विशेष घातक ठरलेले असे काय केले, ते कोठे घडले आणि त्याचे पर्यवसान कशात झाले. अशा हजारो प्रसंगांतून कामाला खरोखर लागणारे गुण वेचून काढण्याची ही रीत त्यांनी 1954 मध्ये सविस्तर लेखात मांडली आणि तिला निर्णायक प्रसंगाची पद्धत असे नाव दिले. या पद्धतीत प्रसंग सांगणारा आणि प्रसंगात वागणारा ही दोन वेगळी माणसे असू शकत, बहुधा असतच. फ्लॅनगन यांची भिस्त निरीक्षकावर होती. या बाबतीत ते आधुनिक मुलाखतकारापेक्षा सौंसरच्या जुन्या गावकऱ्यांना अधिक जवळचे होते असे म्हणायला हरकत नाही.

निरीक्षक बाजूला सरला तो नोकरीच्या मुलाखतीत. हार्वर्डचे डेव्हिड मॅक्लेलंड यांनी 1973 मध्ये बुद्धिमापनाऐवजी प्रत्यक्ष कार्यक्षमता तपासावी असा आग्रह धरला, आणि त्यानंतरच्या दशकात प्रसंगाधारित मुलाखतीच्या दोन शाखा फुटल्या. पहिली शाखा गॅरी लेथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. 1980 च्या त्यांच्या अभ्यासातला एक प्रश्न प्रसिद्ध आहे: जोडीदार आणि मुले सर्दीने आजारी आहेत, त्यांच्याकडे पाहायला दुसरे कोणी नाही आणि तीन तासांत कामाची पाळी सुरू होणार आहे, तर तुम्ही काय कराल? हा कल्पित परिस्थितीचा प्रश्न. भारतातल्या हजारो तरुणांना ही जात परिचयाची आहे, कारण सैन्यदलांच्या निवड मंडळात 30 मिनिटांत 60 परिस्थितींवर प्रतिक्रिया लिहाव्या लागतात. दुसरी शाखा टॉम जान्झ यांची. त्यांनी 1982 मध्ये ‘काय कराल’ ऐवजी ‘काय केलेत’ असे विचारणाऱ्या मुलाखतीची तुलना नेहमीच्या मोकळ्याढाकळ्या मुलाखतीशी केली आणि पहिलीचे भाकीत अधिक खरे ठरते असे दाखवले. माणूस पूर्वी जसा वागला तसाच पुन्हा तशा परिस्थितीत वागण्याचा संभव अधिक, हे तिचे गृहीतक आहे. याच सुमारास निवडीचा व्यवसाय करणाऱ्या संस्थांनी उत्तराचा साचाही ठरवला: आधी परिस्थिती, मग उमेदवारावर असलेली जबाबदारी, मग त्याने केलेली कृती आणि शेवटी परिणाम.

पोलीस भरतीत हा साचा ठळकपणे उतरला तो इंग्लंडमध्ये. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाच्या तपासाबद्दलचा मॅकफर्सन चौकशी अहवाल फेब्रुवारी 1999 मध्ये आला आणि त्याने लंडनच्या पोलीस दलात संस्थात्मक वंशभेद असल्याचे नोंदवले. भरतीच्या वेळीच माणसाची वृत्ती ओळखण्याचा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला, आणि वृत्ती थेट विचारून कळत नाही हे उघड होते, कारण आपण पक्षपाती आहोत असे अर्जात कोणी लिहीत नाही. 2002 च्या पोलीस सुधारणा कायद्याने वस्तीत पायी फिरणारे, मर्यादित अधिकारांचे समुदाय साहाय्य अधिकारी हे नवे पद निर्माण केले, आणि त्या काळात पोलीस भरतीच्या अर्जांत विविधतेचा आदर, संघकार्य, लोकांची गरज ओळखणे, दडपणाखाली टिकून राहणे अशा गुणांसाठी एकेक प्रसंग मागितला जाऊ लागला. या अर्जांत मुख्य प्रश्नाखाली उपप्रश्न असत: समोरच्याने तसे का केले असे तुम्हाला वाटते, तुम्ही नेमके काय म्हणालात, त्याचा परिणाम झाला हे तुम्हाला कशावरून कळले. मर्म या उपप्रश्नांतच आहे. खोटा प्रसंग रचणे सोपे असते, पण त्यातला समोरचा माणूस जिवंत करून त्याचे म्हणणे न्यायाने मांडणे अवघड असते. गैरहजर साक्षीदाराची उणीव अशा तऱ्हेने उलटतपासणीने काही अंशी भरून काढली जाते.

भारतीय सरकारी भरतीत या प्रश्नाला जागा थोडी आहे. मध्य प्रदेशात असो की महाराष्ट्रात, शिपायाची निवड लेखी आणि शारीरिक चाचणीवर होते. केंद्राने तर 1 जानेवारी 2016 पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच रद्द केल्या. तोंडी परीक्षेतला पक्षपात टाळण्याचा हेतू रास्तच होता, पण तिच्याबरोबर प्रसंग विचारण्याची संधीही गेली. ती उरली आहे गावपातळीच्या पदांत. सीमेपलीकडे नरखेड, सावनेर किंवा वरुड तालुक्यातला पोलीस पाटील महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 खाली नेमला जातो. त्याच्या परीक्षेत 80 गुण लेखी आणि 20 गुण तोंडी असतात, आणि गावातल्या तंट्यात आजवर काय केले हे त्या तोंडी भागात विचारता येते. सीमेच्या अलीकडे, पांढुर्णा-सौंसरच्या बाजूला, ठाण्याच्या मदतीला असतात त्या 1999 च्या कायद्याने मान्यता दिलेल्या ग्राम आणि नगर रक्षा समित्या. त्यांचे सदस्य स्वयंसेवी, त्यामुळे त्यांना कोणी लांबलचक अर्ज भरायला लावत नाही. तरीही वर्तनप्रश्नाला लागणारे अनुभव त्यांच्याकडेच साठतात.

गोटमार हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे विदर्भात तान्हा पोळा असतो त्या दिवशी, जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावला जातो आणि तो मिळवण्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव या दोन काठांवरचे लोक एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. दरवर्षी माणसे जखमी होतात, मृत्यूही झाले आहेत. मनाई आदेश निघाले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, आणि तरी दगड चालूच राहिले. सणाआधी शांतता समितीची बैठक भरते, दोन्ही काठांवरच्या प्रतिष्ठितांना बोलावले जाते आणि पात्रालगत वैद्यकीय पथके बसवली जातात. या दिवशी समितीचा सदस्य, कोटवार किंवा एखादा महाविद्यालयीन तरुण जे करतो, लहान मुलांना मागे खेचणे, दारू प्यायलेल्याला घरी पोहोचवणे, जखमीला वाट करून देणे, त्यातले प्रत्येक काम लोकसहभागी पोलिसिंगच्या कसोटीला उतरणारे आहे. या भागातल्या उमेदवाराला उदाहरण शोधायला पुस्तकांकडे जावे लागू नये.

अडचण उदाहरणाची नसते, सांगण्याची असते. येथील मुलगा घरी आणि चौकात मराठी बोलतो, अर्ज हिंदीत भरतो, आणि दोन्ही भाषांतली सरकारी शैली त्याला कर्मणी प्रयोग शिकवते: समजूत काढण्यात आली, जखमींना हलविण्यात आले, शांतता प्रस्थापित करण्यात आली. अशा वाक्यात कर्ता गायब असतो, आणि वर्तनप्रश्न तर कर्त्याच्याच शोधात असतो. शिवाय गावात वाढलेल्या माणसाला आपण केलेले काम आपल्याच नावावर सांगणे उद्धटपणाचे वाटते. तो सहजच ‘आम्ही सगळ्यांनी मिळून’ असे लिहितो, आणि परीक्षकाला त्यातला त्याचा वाटा दिसत नाही. हा संकोच दोष मानून गुण कापणारी पद्धत स्वतःही थोडी तपासून पाहायला हवी, कारण ज्या पदासाठी माणसांत मिसळणारा माणूस हवा तेथे ती आत्मकथनात तरबेज असलेल्याला झुकते माप देते. त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग असा की समूहाचे श्रेय समूहाला देऊन स्वतःचा तुकडा वेगळा दाखवावा: पुलाजवळचा गट सहा जणांचा होता, त्यांतल्या कोणाशी बोलायचे हे कोणी ठरवले, तो काय म्हणाला, त्यावर उमेदवाराने काय उत्तर दिले, आणि जेथे यश आले नाही तेथे पुढे काय केले. अपयशाचा प्रामाणिक उल्लेख बहुधा उत्तराला बळकटी देतो, कारण दगडफेक एका माणसाच्या समजुतीने थांबली असे लिहिणाऱ्यावर पांढुर्ण्यात कोणी विश्वास ठेवणार नाही.

गावाची साक्ष मात्र प्रक्रियेतून पूर्ण गेलेली नाही. निवड झाल्यावर उमेदवाराच्या राहत्या गावच्या ठाण्याकडे चारित्र्य पडताळणीचा कागद येतो. ठाण्यातला हवालदार नोंदवह्या पाहतो, कधी कोटवाराला वा शेजाऱ्याला विचारतो, आणि गुन्हा दाखल आहे की नाही एवढ्याचे उत्तर लिहून कागद परत पाठवतो. अर्जात लिहिलेला प्रसंग खरा होता का, हे त्या शेजाऱ्याला कोणी विचारत नाही.