शिवणवर्ग ते मोबाइल : अफगाण स्त्रियांचं लपून शिकणं

‘डिजिटल साक्षरता’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बचत गटातल्या बायका गोल करून बसल्यात, मध्ये एक ताई, हातात मोबाइल आणि पहिला धडा : खातं कसं उघडायचं. जिथे सत्ता बंदुकीनं बदलते, तिथे हाच धडा उलट्या टोकानं सुरू करावा लागतो. आधी शिकवायचं ते पुसायला. असं का, हे आज आपण अफगाणिस्तानच्या गेल्या तीस वर्षांतून पाहू.

१९९५ साली हेरात शहर तालिबानच्या हाती गेलं, १९९६ च्या सप्टेंबरात काबूल. मुलींच्या शाळा बंद झाल्या. शिवणकामाला मात्र परवानगी होती. हेरातमध्ये ‘सोनेरी सुई’ नावाचा एक शिवणवर्ग चालायचा. बायका पिशवीत कापड-दोरे घेऊन यायच्या आणि त्याखाली वही असायची. आत गेल्यावर सुई बाजूला ठेवायची आणि विद्यापीठातल्या प्राध्यापकांकडून साहित्य शिकायचं. बाहेर मुलं खेळत असायची. कोणी येताना दिसलं, की ती आत कळवायची.

आता या वर्गाची रचना बघा. येण्याचं कारण काय सांगायचं, पिशवीत वर काय आणि खाली काय ठेवायचं, धोका आला तर कसं कळणार, हे सगळं आधी ठरलेलं होतं. म्हणजे सुरक्षितता हा या वर्गाचा शेवटचा धडा नव्हता, तो वर्गाचा पायाच होता.

त्याच काळात ‘रावा’ या स्त्रियांच्या संघटनेनं तंत्रज्ञान हाती घेतलं. १९७७ साली मीना नावाच्या तरुणीनं काबूलमध्ये ही संघटना सुरू केली होती. १९९७ मध्ये त्यांची वेबसाइट आली. नोव्हेंबर १९९९ मध्ये काबूलच्या गाझी स्टेडियममध्ये एका स्त्रीला जाहीरपणे गोळी घालण्यात आली. ते दृश्य ‘रावा’च्या बाईनं बुरख्याआड लपवलेल्या कॅमेऱ्यानं टिपलं आणि जगानं ते पाहिलं. ज्या बुरख्याची सक्ती होती, त्याच बुरख्याचा आडोसा केला. २००१ साली तालिबाननं इंटरनेटवरच बंदी घातली. पुढे त्याच वर्षी त्यांची राजवट कोसळली.

२००२ पासून मोबाइल आला आणि पुढची वीस वर्षं वारं उलट दिशेनं वाहिलं. हेरातच्या रोया महबूब यांनी २०१० मध्ये सॉफ्टवेअर कंपनी काढली, मुलींसाठी इंटरनेटचे वर्ग सुरू केले. २०१५ मध्ये फरेश्ता फरूग यांनी हेरातमध्येच मुलींना कोडिंग शिकवणारी शाळा उघडली. या काळाचा धडा होता : दिसा. नाव लावा, फोटो लावा, प्रमाणपत्र टाका. त्यात चूक काहीच नव्हतं. पण प्रत्येक पावलाबरोबर कुठेतरी एक नोंद होत होती, आणि नोंद कायम राहते. ती वाचणारा बदलतो.

१५ ऑगस्ट २०२१ ला तो बदलला. काबूल पडलं आणि बायका रातोरात आपले फोटो, संदेश, खाती पुसायला बसल्या. फेसबुकनं अफगाणिस्तानसाठी एका टिचकीत प्रोफाइल लॉक करण्याची सोय दिली, मित्रयाद्या लपवल्या. मागे राहिलेली बायोमेट्रिक यंत्रं तालिबानच्या हाती लागल्याच्या बातम्या आल्या. बोटांचे ठसे तर पासवर्डसारखे बदलता येत नाहीत!

याच दिवसांतली शबाना बासिज-रसिख यांची गोष्ट मला फार बोलकी वाटते. पहिल्या तालिबानी राजवटीत त्या मुलाच्या वेशात गुप्त शाळेत जायच्या. २००२ च्या मार्चमध्ये मुलींना पुन्हा शाळेत घेताना प्रवेशचाचण्या द्याव्या लागल्या, कारण तालिबाननं त्यांच्या नोंदी जाळल्या होत्या, जणू त्या मुली कधी नव्हत्याच. मोठ्या होऊन शबानांनी मुलींसाठी निवासी शाळा काढली. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी स्वतःच्या हातानं आपल्या विद्यार्थिनींच्या नोंदी जाळल्या. मुलींना पुसण्यासाठी नव्हे, त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना वाचवण्यासाठी, असं त्यांनी तेव्हा सांगितलं. आग तीच, हेतू उलटा.

मग अशा ठिकाणी नेमकं शिकवायचं काय? पहिला प्रश्न : फोन कोणाचा? बऱ्याच घरांत तो नवऱ्याचा किंवा भावाचा असतो, म्हणजे नुसता पासवर्ड पुरत नाही. दुसरा प्रश्न : पुसलेलं खरंच पुसलं गेलं का? फोटो कचरापेटीत काही दिवस राहतो, बॅकअपमध्ये राहतो, मैत्रिणीच्या फोनमध्ये राहतो. तिसरा प्रश्न : एकीचा फोन सापडला तर बाकीच्यांचं काय? व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. म्हणजे एका फोनमध्ये अख्ख्या वर्गाचा हजेरीपट! आणि हा धडा शिकवणाऱ्यांनाही आहे. प्रशिक्षण झाल्याचा पुरावा म्हणून सह्यांचा कागद आणि समूहछायाचित्र मागणारी पद्धत अशा ठिकाणी घातक ठरू शकते.

पण म्हणून शिकवायचंच नाही का? तसंही नाही. मार्च २०२२ मध्ये माध्यमिक शाळा मुलींसाठी उघडणार होत्या, त्या ऐनवेळी बंदच ठेवल्या. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठं बंद झाली. ज्यांना परवडतं आणि नेट मिळतं, त्यांच्यासाठी ऑनलाइन वर्ग हीच शाळा उरली. २०२५ च्या सप्टेंबरअखेर देशभरातलं इंटरनेट सुमारे दोन दिवस बंद पडलं, तेव्हा ही शाळाही अंधारात गेली. म्हणून काबूलहून ‘रेडिओ बेगम’नं शालेय पाठ प्रसारित केले, त्याचं मोल मोठं आहे. रेडिओ ऐकणाऱ्याची नोंद होत नाही.

शेवटी इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट. आपण कागदांवर जगणारी माणसं. जळालेला कागद पाहून आपला जीव हळहळतो. उद्या या वर्गांचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला ना हजेरीपट सापडेल, ना फोटो. पण ज्या वर्गाचा काहीच पुरावा उरला नाही, तिथल्या बायका कदाचित त्यामुळेच सुखरूप असतील. मग पुरावा त्याच असतील. त्यांना बोलता येईल असे दिवस आले, की त्या सांगतील. तोवर थांबायची तयारी आपण ठेवली पाहिजे.