कामठीच्या मैदानाची बखर

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि तलवारी उभ्या राहतात. मी शाळामास्तर, पोटासाठी मुलांना हाच इतिहास शिकवीत आलो आहे. शेवटच्या बाकावरची मंडळी सीताबर्डीच्या लढाईचे साल हटकून विसरतात. परंतु मागच्या मोसमात कोणी कोणाला किती गोलांनी हरवले आणि तो दुसरा गोल पंचाने का नाकारला, हे विचारावे, की तीच मंडळी अशी बोलू लागतात की ऐकणाऱ्याने टिपणे काढावीत! ज्या गावात मुलांच्या जिभेवर असा इतिहास नांदतो, त्या गावाच्या मास्तराने तो कधीतरी कागदावर उतरविला पाहिजे. म्हणून यंदाच्या दिवाळीला वाचकांच्या फराळाच्या ताटात हा कामठीच्या फुटबॉलचा जिन्नस वाढतो आहे. गोड लागेल की तिखट, ते ज्याचे त्याने ठरवावे.

आधी गावाची ओळख. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि कंपनी सरकारची लढाई झाली. भोसल्यांचा पराभव झाला आणि नागपुरावर नजर ठेवण्यासाठी इंग्रजांना जवळपास पक्की जागा हवी झाली. ती त्यांनी नागपुरापासून दहा मैलांवर कन्हान नदीच्या काठी निवडली, आणि १८२१ साली कामठीची छावणी वसली. छावणीची आखणी इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी, म्हणून ‘कॅम्प-टी’ आणि त्याचे कामठी, अशी व्युत्पत्ती इथले लोक मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. मास्तर म्हणून मी तिला गुण देणार नाही, पण गावकरी म्हणून ती मलाही आवडते.

छावणी आली म्हणजे तिच्यामागे बाजार आला. मद्रासी पलटणींबरोबर तमिळ आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे आली. मारवाडी पेढ्या आल्या. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडून विणकर आले आणि त्यांच्या मागांची खटखट कामठीच्या मोहल्ल्यांत घुमू लागली. एका गोऱ्या छावणीपोटी हे बहुभाषी गाव जन्माला आले. आणि याच छावणीच्या कुंपणावरून एके काळी चेंडू गावात उडी मारून आला.

फुटबॉलचे नियम लंडनमध्ये १८६३ साली लिहिले गेले. हिंदुस्थानात हा खेळ आणला तो मुख्यतः पलटणींनी. सिमल्याची ड्युरँड स्पर्धा १८८८ ची, मुंबईची रोव्हर्स १८९१ ची; दोन्हींकडे आरंभी गोऱ्या पलटणींचेच राज्य होते. कामठीच्या छावणीतही गोरे पायदळ आणि तोफखाना असे. छावणीच्या गावात खेळ कसा रुजतो हे सांगायला मोठा पंडित नको. सायंकाळी सोजीर खेळतात, कुंपणाबाहेर पोरे उभी राहतात, बाहेर आलेला चेंडू परत फेकून देता देता एखादे पोरगे तो पायाने मारून पाहते. क्रिकेटला बॅट हवी, स्टंप हवेत, पांढरे कपडे हवेत. फुटबॉलला एक चेंडू पुरतो, आणि तोही बाविसांत एक. गरिबाच्या गावाला याहून स्वस्त खेळ कोठून मिळणार?

पुढे १९११ साल उजाडले. २९ जुलैला कलकत्त्यात मोहन बागानच्या खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २-१ असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. त्यांतले बहुतेक अनवाणी होते. बंगाल-नागपूर रेल्वेची हावड्याकडची गाडी कामठीच्या स्टेशनावरूनच जात असे. कलकत्त्याची वार्ता या रुळांवरून इकडे यायला कितीसा वेळ लागणार? बुटांवाल्या साहेबाला अनवाणी पाय हरवू शकतो, हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हता. तो मैदानावर शिकविला गेला.

आता मला एक जुना प्रश्न सोडवू द्या. नागपूरच्या आसपास गावे काही थोडी नाहीत. मग फुटबॉलचे वेड कामठीलाच एवढे का? छावणी हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे मला कामठीच्या कामधंद्यात सापडते. इथला कष्टकरी हातमागावर बसे किंवा बिड्या वळी. दोन्ही कामांची मजुरी नगावर. विणकराला लुगड्यामागे पैसे, बिडीवाल्याला हजारामागे. गिरणीचा भोंगा या माणसांच्या डोक्यावर नव्हता. दुपार ढळली की काम बाजूला सारावे, तासभर मैदानावर जावे आणि राहिलेले रात्री कंदिलाशी बसून पुरे करावे, एवढी मोकळीक त्यांना होती. अर्थात ही मोकळीक उपाशी पोटाची होती. बिडी कामगारांना किती नाडले जाई, हे कामठीचेच सुपुत्र बाबू हरदास एल. एन. यांच्या चरित्रावरून कळते. १९०४ साली जन्मलेल्या या माणसाने बिडी कामगारांची संघटना बांधली, ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ केले, १९३७ साली विधिमंडळाची निवडणूक जिंकली आणि १९३९ साली ऐन पस्तिशीत जगाचा निरोप घेतला. अशा गावात संध्याकाळचा एक तास स्वतःचा असणे ही केवढी श्रीमंती!

आणि विणकराच्या पायांचे काय? खड्ड्याच्या मागावर बसलेला माणूस हाताने धोटा फेकतो आणि त्याच तालात पायांनी खालच्या पट्ट्या दाबतो. जन्मभर हातापायांचा असा मेळ घालणाऱ्याच्या घरात चांगला हाफबॅक निपजला, तर त्यात नवल ते काय? शास्त्रज्ञांनी हा सिद्धान्त मानला नाही तरी माझी तक्रार नाही.

जुन्या चेंडूविषयी दोन शब्द न लिहिले तर बखर अपुरी राहील. चामड्याची शिवलेली खोळ, आत रबरी ब्लॅडर, आणि तोंड आवळायला चामड्याची वादी. पावसात भिजला की चेंडू असा जड होई की डोक्याने मारणाऱ्याला तारे दिसत, आणि वादीची गाठ कपाळाला लागली तर खूण आठवडाभर राही. शिवण उसवली की चेंडू मोच्याकडे जाई. क्लबाचा खजिनदार कोणीही असो, क्लबाचा खरा आधार तो मोची.

अनवाणी पायांचा तो जमाना १९५२ साली संपला. हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये थंडीने गारठलेल्या मैदानावर आपला संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. आपले बरेच खेळाडू बुटांशिवाय उतरले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. देशाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. १९५६ साली मेलबर्नला आपण चौथे आलो, १९६२ साली जकार्तात एशियाडचे सुवर्णपदक आणले. पण ज्या घरी दिवाळीला एकाच मुलाला चपला मिळतात, त्या घराला बुटांचा जोड म्हणजे कर्ज. डावा बूट एकाने आणि उजवा दुसऱ्याने घालून सराव केलेली भावंडे गावोगाव असतील.

याच सुमारास नकाशाही बदलला. १९५६ पर्यंत नागपूर मध्यप्रांताची, म्हणजे पुढच्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. मग ते द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १९६० साली महाराष्ट्रात. राजधानी मुंबईला गेली, तशी खेळाची वाटही मुंबईकडे वळली. मुंबई इथून आठशे किलोमीटरांपलीकडे, कलकत्ता अकराशेच्या पलीकडे. मधल्या गावच्या खेळाडूवर ना इकडच्या निवडकर्त्यांची नजर पडे, ना तिकडच्या.

तरीही खेळ थांबला नाही. नागपूर जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगमध्ये कामठीचा रब्बानी क्लब हे नाव मानाने घेतले जाते. रब्बानी हे नाव इथे शाळेलाही आहे आणि मैदानालाही. म्हणजे अभ्यास, खेळ आणि अभिमान या तिन्ही गोष्टी एकाच नावाखाली नांदतात. नागपूरच्या यंग मुस्लिम, राहुल क्लब यांसारख्या संघांशी गाठ पडली की कामठीहून निघणाऱ्या गाडीत बसायला जागा उरत नाही.

अशा क्लबाचा हिशेब मात्र कोणत्याही सावकाराला वेड लावील. वर्गणी थोडी, खर्च फार, आणि हाती आलेला मोहरा हमखास जाणार. वारिसपुऱ्यातला किंवा मोदी पडावातला एखादा मुलगा दहा वर्षे घडवावा. तो नेमका चमकू लागावा, आणि रेल्वेने किंवा पोलिसांनी त्याला खेळाडू म्हणून नोकरीत घ्यावे. पुढच्याच मोसमात तो समोरच्या संघाकडून खेळतो आणि आपल्याच गावाविरुद्ध गोल करतो! प्रेक्षक त्याला शिव्या घालतात. पण त्याच्या घरी दरमहा पगार येऊ लागला आहे, हे त्यांनाही ठाऊक असते. मोठे क्लब खेळाडू विकत घेतात, छोटे क्लब ते जगाला देऊन टाकतात. जेवढे चांगले शिकवावे तेवढे लवकर गमवावे, हा छोट्या क्लबाचा नियम आहे. आम्हा मास्तरांचाही तोच आहे, म्हणून मला त्याचे मर्म कळते.

२००१ साली विजय बारसे यांनी नागपुरात झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉलची चळवळ सुरू केली, आणि २०२२ साली ‘झुंड’ चित्रपटाने ती साऱ्या देशाला दाखविली. दूरचित्रवाणीवर २०१४ पासून इंडियन सुपर लीगचा झगमगाट आहे. मुलांच्या अंगावर आता परदेशी क्लबांचे सदरे दिसतात. त्याचे मला वाईट वाटत नाही. पोरांनी दूरचे दिवे जरूर पाहावेत. मला काळजी आहे ती जमिनीची. गाव वाढते, घरे वाढतात, आणि मोकळी जागा दिसली की कोणाला तरी तिथे बांधकाम सुचतेच. माग बंद पडले तरी माणूस दुसरा धंदा शोधील, चेंडू फाटला तर नवा येईल. पण मैदान एकदा बुजले की ते कोणत्याही मोच्याला शिवता येणार नाही. म्हणून ज्यांच्या गावात अजून एक मोकळे मैदान आहे, त्यांनी या दिवाळीत एक पणती त्याच्या कडेलाही लावावी.