सोनेरी घोड्याची वंशावळ

१/१२
सोनेरी अंग, शुभ्र आयाळ, शुभ्र शेपूट. हॉलिवूडच्या काऊबॉयपटांनी जगभर पोहोचवलेला हा घोडा म्हणजे पालोमिनो. त्याचा उगम स्पेनच्या राणी इसाबेलापर्यंत नेणारी एक कथा वारंवार सांगितली जाते. ती कालगणनेच्या कसोटीवर टिकते का, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२/१२
कथा अशी: राणीच्या पागेत असे शंभर घोडे होते. त्यांतील एक घोडा आणि पाच घोड्या तिने ‘न्यू स्पेन’मधील, म्हणजे मेक्सिकोतील, आपल्या व्हाइसरॉयकडे धाडल्या. त्यांचीच संतती पुढे टेक्सास व कॅलिफोर्नियात पसरली.

३/१२
आता सनावळी पाहा. इसाबेलाचे निधन १५०४ साली झाले. कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला १५१९ मध्ये. न्यू स्पेनचा पहिला व्हाइसरॉय मेंदोसा तेथे पोहोचला १५३५ मध्ये. जिला ही भेट धाडायची होती, तिच्या हयातीत ती स्वीकारणारा तेथे कोणी नव्हताच!

४/१२
मग नाव इसाबेलाचेच का? युरोपात फिकट पिवळसर रंगाला ‘इसाबेला’ म्हणत. त्यावरही आख्यायिका आहे: ओस्टेंडचा वेढा (१६०१–१६०४) यशस्वी होईपर्यंत दुसऱ्या एका इसाबेलाने म्हणे अंतर्वस्त्र बदलले नाही. परंतु इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या १६०० सालच्या वस्त्रयादीत हा रंग आधीच नोंदलेला आहे.

५/१२
कथेत सत्याचा अंश मात्र आहे. कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत, म्हणजे इसाबेलाच्याच राजवटीत, स्पेनमधून घोडे कॅरिबियन बेटांवर गेले. अमेरिकेतील पालोमिनो रंगाचे मूळ अशा स्पॅनिश घोड्यांशी जोडणे वाजवी आहे. एका राणीच्या सहा घोड्यांशी जोडणे नव्हे.

६/१२
मुळात पालोमिनो ही जात नाही, रंग आहे. आपल्याकडे अबलख, कुमैत ही जशी रंगांची नावे, तसेच हे. स्पॅनिशमध्ये या शब्दाचे नाते कबुतराशी आहे.

७/१२
हा रंग येतो कसा? तांबूस घोड्यात ‘क्रीम’ जनुकाची एक प्रत आली की पालोमिनो. दोन प्रती आल्या की जवळजवळ पांढरा, निळ्या डोळ्यांचा क्रेमेलो. म्हणून दोन पालोमिनोंच्या संकरातून पालोमिनो शिंगरू मिळण्याची शक्यता निम्मीच. उरलेल्यांत पाव तांबूस, पाव क्रेमेलो.

८/१२
म्हणजेच शुद्ध पैदास होऊ शकत नाही, अशा रंगाची वंशनोंद ठेवण्याचा हा खटाटोप होता. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात पहिली संघटना उभी राहिली, १९४१ मध्ये दुसरी. रंगाचा आदर्श ठरला नव्या सुवर्णनाण्याचा. आणि ही नाणी तर १९३३ मध्येच चलनातून काढून घेण्यात आली होती.

९/१२
या आदर्शाची किंमत क्रेमेलोंनी मोजली. अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनने एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्यांना नोंदणी नाकारली. गंमत अशी की, क्रेमेलो आणि तांबूस घोडा यांच्या संकरातून होणारे प्रत्येक शिंगरू पालोमिनोच निपजते. ज्याला वंशाबाहेर ठेवले, तोच रंगाचा खात्रीचा दाता!

१०/१२
लोकप्रियता आली पडद्यावरून. ‘गोल्डन क्लाउड’ नावाचा पालोमिनो १९३८ च्या रंगीत ‘रॉबिन हूड’पटात ऑलिव्हिया द हॅविलंडच्या स्वारीत दिसला. त्याच वर्षी तो रॉय रॉजर्सचा ‘ट्रिगर’ झाला. पुढे दूरचित्रवाणीवरील बोलका घोडा ‘मिस्टर एड’ही (१९६१–६६) पालोमिनोच, मालिका मात्र कृष्णधवल.

११/१२
ट्रिगरचे खच्चीकरण झाले नव्हते, तरी त्याच्यापासून पैदास केली गेली नाही. त्याला वंशज नाहीत. ‘ट्रिगर ज्युनिअर’ हा त्याचा पुत्र नव्हे, केवळ नामधारी वारस. १९६५ मध्ये मेलेल्या ट्रिगरचे पेंढा भरून जतन केलेले शरीर २०१० च्या लिलावात अडीच लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले.

१२/१२
राणीचा वारसा सांगणारे घोडे राणीचे नव्हते. ज्युनिअर ट्रिगरचा नव्हता. रक्ताने जुळत नाही ते नावाने जुळवण्याची ही रीत केवळ अश्वपालांची नाही. म्हणून कोणतीही वंशावळ हाती आली की प्रथम तिच्यातील माणसांच्या जन्ममृत्यूच्या तारखा मांडाव्यात. इसाबेलाच्या बाबतीत तेवढे एक पान पुरले.