आक्रमक बुरशीसंसर्गाचे निदान (कर्करुग्णांतील)

कर्करुग्णाच्या फुप्फुसात, सायनसमध्ये किंवा रक्तात शिरलेल्या बुरशीची ओळख पटवणे. धोका सर्वाधिक असतो तो रक्ताच्या कर्करोगात. केमोमुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरमागे 500 च्या खाली जातात आणि बरेच दिवस तशाच राहतात. कडबा, सडका पाला, साठवलेले धान्य यांच्या धुळीतून ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू वऱ्हाडात कुणाच्याही श्वासात जातात. पेशी शाबूत असल्या तर बाधत नाहीत.

अमरावती-अकोल्याचे अनेक रुग्ण केमोसाठी नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय गाठतात. पेशी मात्र बहुधा सात ते चौदा दिवसांनी तळाला जातात, तोवर रुग्ण घरी परतलेला असतो. त्यामुळे पहिला ताप गावाजवळचाच डॉक्टर पाहतो, आणि खरी कसोटी त्याचीच.

पेशीच नसल्याने पू होत नाही, खोकलाही बेताचाच. अँटिबायोटिक चालू असूनही चार ते सात दिवस ताप हटला नाही, तर छातीचा सीटी स्कॅन लांबवू नये. साध्या एक्स-रेत सुरुवातीचे डाग सुटून जातात. सीटीत गाठीभोवती दिसणारे धुरकट वलयही बहुधा आठवडाभरात विरते.

रक्तातील गॅलॅक्टोमॅननची तपासणी ॲस्परजिलस सुचवते. म्युकर ही दुसरी बुरशी तिच्यात सापडत नाही. हा फरक जिवावर बेतणारा आहे. ॲस्परजिलसवर व्होरिकोनॅझोल हे औषध चालते, म्युकरवर ते निकामी. तिथे ॲम्फोटेरिसिन बी आणि शस्त्रक्रियाच हवी. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकर जवळून पाहिला. ते रुग्ण मुख्यतः मधुमेहाचे आणि स्टेरॉइड घेतलेले होते, पण निदानाची वाट दोन्हीकडे एकच: बाधित भागाचा तुकडा तपासणे.

ती वाट महागडी नाही. बाधित भागाच्या तुकड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की म्युकरचे रुंद, जवळपास पडदे नसलेले, काटकोनात फुटणारे तंतू दिसू शकतात. ॲस्परजिलसचे बारीक, पडदेदार आणि लघुकोनात फुटणारे असतात. प्लेटलेट फार कमी असल्या तर मात्र तुकडा काढणेच धोक्याचे ठरते.

संशोधनासाठी 2002 मध्ये ठरलेल्या, पुढे 2008 आणि 2020 मध्ये सुधारलेल्या निकषांत सिद्ध, संभाव्य आणि शक्य अशा तीन पायऱ्या आहेत. खाटेवरच्या रुग्णासाठी ‘सिद्ध’ची वाट पाहत औषध अडवत नाहीत.

तुकडा दूरच्या प्रयोगशाळेत पाठवताना त्याचे दोन भाग करतात. एक फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये. सगळाच फॉर्मॅलिनमध्ये बुडवला, तर कल्चरमध्ये काहीच उगवत नाही.