माजलगावची वाट परळीवरून

बीडहून माजलगावला निघालो आणि पुढे रस्ता बंद आहे असं कळलं, तर आपण काय करतो? केज, अंबाजोगाई, परळी असा वळसा घेतो. उशीर होतो, पण पोहोचतो. संगणकांच्या जाळ्याला हे शहाणपण शिकवावं लागतं. मी ते उशिरा शिकवलं आणि त्याची किंमत भलत्याच माणसानं मोजली.

२००७ साली मी एका संस्थेचं संगणकजाळं सांभाळत होतो. बीड, माजलगाव, परळी, अंबाजोगाई आणि केज अशा पाच शाखा, भाड्याच्या लाइनींनी कड्यासारख्या जोडलेल्या. प्रत्येक शाखेत एक राउटर. म्हणजे टपालातला सॉर्टरच समजा. आलेलं पाकीट कोणत्या थैलीत टाकायचं ते ठरवणारा. या वाटा मी हातानं लिहून ठेवल्या होत्या. पाच राउटर, प्रत्येकात बाकीच्या चार गावांच्या चार ओळी, एकूण वीस.

ऊसतोडीला जायचे दिवस होते. खोदकामात बीड-माजलगाव लाइन तुटली. परळीकडची वाट धडधाकट होती, पण बीडच्या राउटरला ती ठाऊक नव्हती. तार पुढे कुठेतरी तुटलेली, म्हणून दिवा हिरवाच. आणि पाकिटं त्याच तारेत जाऊन नाहीशी होत होती. माजलगावच्या रोखपालाचा फोन आला. खिडकीशी उभ्या बाईंचा आवाज मला ऐकू येत होता, "दादा, पैसं कव्हा मिळतील? ट्रक थांबायचा न्हाई."

मी एकेक ओळ बदलत गेलो. घाईत एक चुकली. केजचा राउटर पाकीट अंबाजोगाईला देई, अंबाजोगाईचा पुन्हा केजला. दीड तासानं सगळं जुळलं, तोवर ट्रक निघून गेला होता.

ही अडचण जुनीच. १९८०च्या दशकात मुंबईत एनसीएसटी आणि आयआयटीमध्ये ई-मेल सुरू झाली, त्या काळी यूयूसीपी पद्धतीत पाठवणाऱ्यालाच अख्खी वाट लिहावी लागे. मधल्या संगणकांची नावं उद्गारचिन्हांनी जोडून. अमेरिकेच्या अर्पानेटमधली यंत्रं मात्र १९६९ पासून वाटांची खबर एकमेकांना देत. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत, कागद-पेन्सिलीशिवाय, वीसेक मिनिटांत सर्वांत जवळची वाट शोधायची रीत काढली होती. १९८९ मध्ये आलेल्या ओएसपीएफ या नियमावलीत तीच वापरली आहे. प्रत्येक राउटर आपल्या दारच्या लाइनींची खबर सगळ्यांना देतो, सगळ्यांकडे एकच नकाशा तयार होतो आणि जो तो आपली वाट काढतो.

यातही धोका आहेच. २७ ऑक्टोबर १९८० रोजी अर्पानेटवर बिघडलेले काही संदेश फिरत राहिले आणि सारं जाळं काही तास ठप्प झालं. खोटी खबरही तितक्याच वेगानं पसरते. म्हणून शेजाऱ्याची ओळख पटल्याशिवाय त्याचं ऐकायचं नाही, असा परवलीचा शब्द मी प्रत्येक राउटरमध्ये घातला.

मग एका रविवारी रात्री शाखा एकामागून एक नव्या पद्धतीवर आणल्या. मुद्दाम माजलगावची लाइन काढून पाहिली, तर पाकिटं केजमध्येच अडकली. तिथे माझी एक जुनी ओळ राहून गेली होती. राउटर शेजाऱ्याच्या खबरीपेक्षा मालकानं हातानं लिहिलेलं अधिक मानतो! ती ओळ पुसली आणि पुन्हा लाइन काढली. चाळीस सेकंद काहीच हललं नाही. मग पाकिटं केज, अंबाजोगाई, परळी करत माजलगावात पोहोचली.

पुढच्या हंगामात ती लाइन दोनदा तुटली. माजलगावहून मला फोन आला नाही. त्या बाईंना मात्र हे सांगायचं राहूनच गेलं.